फरक पडतो तिथं

सेनगावच्या बसस्टँडमागे एका ट्रस्टचा लहानसा दवाखाना होता. तिथली जीप रोज सकाळी निघायची आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जायची. जीपमध्ये दोघंच असत, चालवणारा मुन्ना आणि नर्स रीता. कुणाला लकवा मारलेला, कुणाचं कॅन्सरचं शेवटचं दुखणं, कुणी कंबर मोडून पडलेलं. अशांना उचलून दवाखान्यात आणणं घरच्यांना जमत नसे, म्हणून दवाखानाच त्यांच्या दारी जाई. रीता जखमा धुवायची, लघवीची नळी बदलायची, आखडलेले हातपाय हळूहळू मोकळे करायची आणि घरच्यांनाही ते शिकवायची.

रीता चाळिशीची. माहेर परभणीकडचं, पण तिथं आता तिचं म्हणावं असं कुणी उरलं नव्हतं. लग्न फार वर्षांपूर्वी मोडलेलं. सेनगावात एका शिक्षकाच्या घराच्या वरच्या मजल्यावर तिची खोली होती. दिवसभर दहा घरांतून फिरून आलेली बाई संध्याकाळी कुलूप उघडायची, तेव्हा खोलीत सकाळी ठेवलेला कप जिथल्या तिथं असायचा.

त्या वर्षी दसऱ्याआधी डॉक्टर विजयकुमारांनी तिला बोलावून घेतलं. डॉक्टर साठीकडे झुकलेले, मोजकं बोलणारे. बायको-मुलं नांदेडला, हे दवाखान्याच्या मागच्या दोन खोल्यांत राहायचे.

"रीताबाई, ट्रस्टला येणारी मदत निम्म्यावर आलीय," ते म्हणाले. "जीप आता आठवड्यातून तीनच दिवस निघेल. निम्मी घरं सोडावी लागतील."

"सगळ्यांकडेच जरा कमी वेळा गेलं तर?"

"मीही आधी तोच विचार केला. पण आठवड्याला धुवायची जखम महिन्याने धुतली तर काय उपयोग? सगळ्यांना थोडं थोडं दिलं की कुणालाच पुरणार नाही. कुठली घरं ठेवायची ते तुम्हीच सांगा. मी इथं खुर्चीत बसतो, घरं तुम्ही पाहिलीत."

रीता दोन दिवस त्याच विचारात होती. मग दोघांनी बसून एक नियम ठरवला. आपण गेल्याने जिथं फरक पडतो तिथं जायचं. जखम भरणार असेल, दुखणं कमी होणार असेल, पडलेलं माणूस उठून बसणार असेल, ती घरं ठेवायची. जिथं आपण गेलो काय आणि न गेलो काय, माणूस तसंच राहणार आहे, तिथं आठवड्यातून एकदा फोन करायचा. कोण कुणाच्या ओळखीचं, कोण कुठल्या जातीचं, कुणासाठी सरपंचाचा फोन आला, यातलं काही बघायचं नाही. रीताला नियम पटला. त्यात कुणाची बाजू घेतलेली नव्हती.

त्या नियमाने प्रियंकाचं घर राहिलं. प्रियंका सत्तावीस वर्षांची सून. कापसाने भरलेल्या ट्रॉलीवरून पडून तिचं कमरेखालचं अंग लुळं पडलं होतं. ती भिंतीकडे तोंड करून पडून असायची. पण तिचे हात मजबूत होते, आठवड्यातून दोनदा गेलं तर ती नक्की उठून बसणार होती.

आणि त्याच नियमाने लालसिंगचं घर गेलं.

लालसिंग राठोड सेनगावच्या वरच्या अंगाला, माळापलीकडच्या तांड्यावर राहायचा. त्या एका घरासाठी जीपचा अर्धा दिवस जायचा. लकव्याने त्याची उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती. तो सुधारणार नव्हता, हे पहिल्या वर्षीच कळलं होतं. पण इतके दिवस अंथरुणात असूनही त्याच्या अंगावर एकसुद्धा जखम नव्हती. बायको, बेबीबाई, त्याला दिवसातून कितीतरी वेळा या कुशीवरून त्या कुशीवर वळवायची. खोबरेल लावायची, पाठ कोरडी ठेवायची, वाकळी उन्हात टाकायची. रीता तिथं जायची, तपासायची आणि करण्यासारखं काही नसल्यामुळे चहा पिऊन परत यायची.

हे सांगायला फोन पुरला असता. पण फोनवर सांगणं रीताला बरं वाटलं नाही, म्हणून ती शेवटच्या फेरीला गेली.

दिवाळी होऊन गेली होती. तांड्यावरच्या बहुतेक घरांना कुलपं होती. ऊसतोडीच्या टोळ्या निघून गेल्या होत्या, त्यांच्याबरोबर बेबीबाईचा मुलगा संतोष, सून आणि नात निलमही. मागे उरली होती म्हातारी माणसं आणि काही शेळ्या. बेबीबाई दारात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. जीप बघून उठली आणि चुलीवर आधण ठेवायला आत गेली.

"मावशी, चहा राहू द्या. आधी बसा," रीता म्हणाली.

बेबीबाई बसली. रीताने तिला सगळं सांगितलं. जीप कमी झाली, घरं कमी करावी लागली, आता इथं येणं होणार नाही, फोन मात्र दर गुरुवारी करीन. बेबीबाई नवऱ्याच्या तोंडाकडे बघत ऐकत होती.

"कोणाकडं जाणार मग?" तिने विचारलं.

"ज्यांना जखमा झाल्यात. ज्यांची अवस्था वाईट आहे. तुम्ही यांना इतकं नीट ठेवलंय मावशी, की आमचं इथं काम उरलं नाही."

"म्हंजी मी ह्यांला सडू दिलं असतं, तर तुमी आल्या असत्या?"

ती रागाने बोलली नव्हती. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. खरं उत्तर 'हो' असंच होतं.

"तसं नाही मावशी..."

"तसंच हाय की. मी समजून राहिले. जितं नळी फुटली तितं आदी पाना घिऊन जावा लागतंय." ती उठली आणि गुळाचा चहा करून घेऊन आली. जीपपर्यंत सोडायला आली. "गुरुवारी कवा करशीन फोन?"

"चार वाजता."

"घरात रेंज न्हाई. मी सेवालालच्या देवळाच्या वट्यावर येऊन बसीन."

त्या गुरुवारपासून फोन सुरू झाला. रीता चारला फोन लावायची आणि पहिली रिंग पुरी व्हायच्या आत तो उचलला जायचा. रीता ठरलेलं विचारायची. जेवण किती, पोट साफ होतं का, पाठीला लाली आहे का, ताप आहे का. बेबीबाई सगळ्याची उत्तरं द्यायची. "बराबर हाय. सकाळच्याला पेज पेले. डाव्या कुशीवर टाकलंय आता." मग थोडं थांबून म्हणायची, "अन् तू? तुजं जेवण झालं?" सुरुवातीला रीता "झालं" म्हणून फोन ठेवायची. पुढे पुढे काय जेवली तेही सांगू लागली. दुपारी चार वाजता कुणी तिला जेवणाचं विचारत नसे. खरं तर कुठल्याच वेळी विचारत नसे.

इकडे प्रियंका उठून बसली.

लगेच नाही. आधी दोरीला धरून मान वर केली, मग कोपरावर आली, मग एक दिवस रीताने पाठीमागचा हात काढून घेतला तरी बसून राहिली. सासू, पार्वतीबाई, दारात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला. महिन्याभरात प्रियंका बाजेवर बसून भाजी चिरू लागली. दवाखान्याने तिला चाकाची खुर्ची दिली, तिच्यावर स्वतःच्या हातांनी उतरायलाही शिकली. परत येताना जीपमध्ये मुन्ना म्हणाला, "बाई, आज लई भारी वाटून राहिलं." रीतालाही वाटत होतं. तांड्याकडे जाणारे अर्धे दिवस इथं सत्कारणी लागले होते. नियम चुकला नव्हता.

माघात माळापलीकडच्या एका वस्तीवर कॅन्सरचा नवा पेशंट निघाला. जीप त्या बाजूला गेली. काम लवकर संपलं. तांडा तिथून जवळच होता.

"मुन्नाभाई, वरून जाऊ या का? लालसिंगला बघून घेते," रीता म्हणाली. तिने वाटेतल्या दुकानातून टोस्टचा पुडा घेतला. लालसिंगला ते चहात बुडवून भरवता आले असते.

जीप घरासमोर थांबली आणि रीताला पहिल्यांदा दिसली ती लालसिंगची बाज. बाहेर, कुडाच्या भिंतीला उभी करून ठेवलेली. तिच्या सुंभात कोळ्यांनी जाळी केली होती.

बेबीबाई अंगणात सरपणाला कापसाच्या पऱ्हाट्या मोडत होती. जीपचा आवाज ऐकून तिने वर पाहिलं, पण नेहमीसारखी उठली नाही. हातातली काडी मोडून ढिगावर टाकली, दुसरी घेतली.

"मावशी," रीता म्हणाली. "मामा कुठायत?"

"गेले."

"कधी?"

"मार्गेसरातच. थंडी पडली व्हती तवा. रात्री पेज पेले अन् सकाळच्याला उठलेच न्हाई." तिने काडी मोडली. "लेकरं आली कारखान्यावरून. माती केली, तेरावं केलं अन् गेली. मुकादम थांबू देईना झाला. संतोष म्हने, याडी, माय, तू चल. मी त्या पाचटाच्या कोपीत जाऊन काय करू? मला ऊस तुटत न्हाई, मोळी उचलत न्हाई. लेकराच्या तोंडचं खाऊ बसून?"

रीता जमिनीवर तिच्यासमोर बसली. पौष पूर्ण गेला होता, माघही लागला होता. इतके गुरुवार. गेल्याच गुरुवारी तर बेबीबाई म्हणाली होती, पायावरची सूज उतरली, दूध पेले, उजव्या कुशीवर टाकलंय.

"मला फोनवर का नाही सांगितलं?"

शेजारच्या घरासमोर नेमसिंग नावाचा म्हातारा बिडी ओढत बसला होता. तो तिकडूनच म्हणाला, "गुरवारी दुपारपसून जाऊन बसती देवळावर. आमी म्हनलं, कोनाचा फोन येतोय हिला? पोराचा बी येत न्हाई इतका."

"तू गप बस," बेबीबाई त्याच्यावर खेकसली. मग रीताकडे न बघता हळू आवाजात बोलली. "तू फोन त्यांच्यासाठी करायचीस. ते न्हाई म्हनलं असतं, तर तू काहून केला असता?"

मुन्ना जीपला टेकून उभा होता, तो वळून माळाकडे बघू लागला.

"खोट्याचं पाप लागलं मला. लागू दे," बेबीबाई म्हणाली. "पर तू इचारायचीस ना, कोन्या कुशीवर हाय, काय पेले, तवा मला वाटायचं हाईत अजून. घरी येऊस्तोवर वाटायचं."

रीताने टोस्टचा पुडा तिच्यापुढे ठेवला. बेबीबाईने तो उघडला, एक स्वतः घेतला, एक रीताला दिला, एक मुन्नाला नेऊन दिला. तिघांनी कोरडेच खाल्ले. चहा करते असं ती म्हणाली नाही.

त्या संध्याकाळी रीताने डॉक्टरांना सगळं सांगितलं. लपवावं असं तिला एकदाही वाटलं नाही. डॉक्टर चष्मा काढून पुसत राहिले.

"म्हणजे आपण इतके दिवस मेलेल्या माणसाची चौकशी करत होतो."

"हो."

"तेवढ्या वेळात दुसऱ्या कुणाला तरी फोन करता आला असता."

"हो सर."

"बाईला स्वतःला काही आहे? बीपी, शुगर?"

"काही नाही. माझ्यापेक्षा ठणठणीत आहे."

डॉक्टरांनी चष्मा लावला. "मग आता ते घर बंद करावं लागेल, रीताबाई. तुम्हाला वाईट वाटतंय, मलाही वाटतंय. पण आपण आजारासाठी जातो. एकटेपणासाठी जायचं ठरवलं, तर या तालुक्यातलं कुठलं घर सोडणार? दिवाळीनंतर तांड्यांवर जाऊन बघा. उरलेलं प्रत्येक म्हातारं माणूस त्यात बसेल. आणि जीप एक आहे."

डॉक्टर म्हणत होते त्यात खोट काढता येत नव्हती. ती जायला निघाली तेव्हा त्यांच्या मागच्या खोलीचं दार उघडं होतं. आत स्टोव्हवर एका माणसापुरता भात शिजत होता.

पुढच्या गुरुवारी चार वाजता रीता एका म्हाताऱ्याच्या पाठीची जखम धूत होती. हात साबणाने भरले होते. माळावरच्या देवळाच्या ओट्यावर कुणी बसलं असेल का, हा विचार तिने दूर सारला आणि तो पुन्हा पुन्हा आला. घरी गेल्यावर, दिवा लावून झाल्यावर तिने फोन लावला. आता दवाखान्याची वेळ नव्हती आणि फोन तिचा स्वतःचा होता. रिंग वाजत राहिली. उचलला नाही. या वेळी बेबीबाई घरात असणार, तिथं रेंज नाही, हे तिच्या लक्षात आलं. रविवारी दुपारी तिने पुन्हा लावून बघितला. तोही कुणी उचलला नाही.

गुरुवार आला. रीताने मुन्नाला जीप बाजूला घ्यायला सांगितली, चार वाजता, रस्त्याच्या कडेला, लिंबाखाली. फोन पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"मला वाटलं, आता करत न्हाईस," बेबीबाई म्हणाली.

"मावशी, दवाखान्याचा नाही हा फोन. माझा आहे."

पलीकडे ओट्यावरचा वारा ऐकू येत होता.

"मग इचार की," बेबीबाई म्हणाली.

"काय विचारू?"

"इचारायचीस ते."

रीताने विचारलं, "जेवण किती झालं?"

"एक भाकर. अन् वरन."

"झोप?"

"न्हाई लागत. कुशीवर वळवायला उठायची सवय हाय ना. अजून बी तवाच जाग येती. उठून बसते. मग काय करावं ते सुचत न्हाई."

रीताने सांगितलं की तिलाही पहाटे जाग येते. हे तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, विचारणारं कुणी नव्हतं. मग दोघी दुसऱ्याच कशाबद्दल बोलल्या. शेळीच्या आजारपणाबद्दल, सेनगावच्या बाजारात वांगी कशी आहेत त्याबद्दल. मुन्ना जीपला पाठ टेकून वाट बघत होता. त्याने घाई केली नाही.

असं होळीपर्यंत चाललं. होळीनंतर टोळ्या परतल्या. त्या गुरुवारी फोन उशिरा उचलला गेला, तोही निलमने. मागे शेळ्या, पोरं, कुणाचं तरी भांडण, वाजणारं गाणं असा कल्लोळ होता. "आजी हातपंपावर गेली," निलम म्हणाली. पुढच्या वेळी बेबीबाई स्वतः बोलली, पण मध्येच कुणाला तरी ओरडत, कुणाला तरी पाणी द्यायला सांगत. "लई गडबड हाय बाई. पोरीचं सोयरीकीचं चाललंय. तू बरी हायस ना? बरी ऱ्हा," म्हणाली आणि फोन बंद झाला. त्यानंतर दोन-तीन गुरुवार कुणी उचललाच नाही. रीताने ओळखलं की ओट्यावर येऊन बसायची आता तिला गरज नाही. तिला आनंद झाला. खरोखर झाला. पण संध्याकाळी खोलीत अर्धीच पोळी खाऊन तिने ताट झाकून ठेवलं.

पुन्हा दसरा आला. ट्रस्टची मदत वाढली नव्हती, घरं पुन्हा ठरवायची होती. रीता डॉक्टरांसमोर बसली.

"सर, नियम तोच ठेवू. पण त्यात एक गोष्ट घाला. घरात पेशंटशिवाय जागं, म्हणजे रात्री उठून करणारं माणूस किती, तेही बघू. एकच असेल तर महिन्यातून एकदा तिथं जाऊ. जखम नसली तरी."

"पेशंट सुधारणार नसला तरी?"

"तो नाही सुधारणार. करणारं माणूस टिकेल. बेबीबाईची कंबर गेली असती किंवा ती आजारी पडली असती, तर लालसिंगला आठ दिवसांत जखमा झाल्या असत्या. मग आपण पळत गेलो असतो, आणि तेव्हा आठवड्यातून दोनदा जावं लागलं असतं."

डॉक्टर हसले. "आता तुम्ही माझ्याच भाषेत बोलायला लागलात."

"दुसऱ्या भाषेत तुम्ही ऐकलं नसतं सर."

त्यांचं हसू मावळलं. त्यांनी मान हलवली. "महिन्याला दोन दिवस लागतील त्याला. ते कुणाच्या वाट्याचे काढायचे?"

रीताला हा प्रश्न येणार हे माहीत होतं. तिने उत्तरही आधीच शोधून ठेवलं होतं आणि ते द्यायची वेळ येऊ नये असं तिला वाटत होतं.

"प्रियंकाकडे आता आठवड्याला एकदा जातो. ती बसते, खुर्चीत उतरते, नळी स्वतः बदलते. तिच्याकडे महिन्यातून एकदा गेलं तरी चालेल. तशीच अजून दोन घरं आहेत."

"तुम्ही सांगाल तिला?"

"मीच सांगते."

प्रियंकाचं घर माणसांनी भरलेलं होतं. ओसरीत सासरा आणि दोन पाहुणे बोलत बसले होते, आत पार्वतीबाई शेंगदाणे भाजत होत्या, नवरा सोयाबीनच्या पोत्यांना टाके घालत होता. प्रियंका खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. रीताने तपासून झाल्यावर तिला सांगितलं. शक्य तितकं सरळ सांगितलं. कारण सांगितलं, तांड्यांवरच्या घरांबद्दल सांगितलं, आणि तिने कष्टाने किती मिळवलंय हेही सांगितलं.

प्रियंका खिडकीतून बाहेर बघत होती.

"जा म्हणायला पाहिजे मी," ती म्हणाली. "त्यांच्याकडं कुणीच नसतं. माझ्याकडं एवढी माणसं हायेत." तिचा आवाज खाली गेला, आतपर्यंत पोचणार नाही इतका. "पण ताई, ह्यांच्यातलं कुणी माझ्याशी बोलत न्हाई. वाईट न्हाई कुणी. येतात, जेवण देतात, जातात. काय बोलावं ते त्यांना सुचत न्हाई. तुम्ही येता तो एक दिवस असतो."

ओसरीतून सासऱ्याचं हसणं ऐकू आलं. घरात जागी माणसं किती, हे मोजायचं असं ती डॉक्टरांना सांगून आली होती. या घरात पाहुणे धरून ती पाच होती.

"फोन करीन मी," रीता म्हणाली. "दर गुरुवारी."

"करा."

तो शब्द प्रियंकाने असा उच्चारला, की रीताची पिशवी उचलायची राहून गेली. रस्त्यावर मुन्नाने हॉर्न वाजवला. पुढचं घर लांब होतं, तिथं नळी तुंबली होती, सकाळपासून दोनदा फोन येऊन गेला होता.

प्रियंकाने केसांचा रबर काढला. केस मोकळे झाले. "जाताजाता वेणी घालून द्याल?" तिने विचारलं.

तिचे हात चांगले होते. वेणी तिची तिला घालता येत होती, रोज तीच घालायची. रीताने फणी घेतली, तिच्या मागे उभी राहिली आणि केसांचा गुंता टोकाकडून सोडवू लागली. हॉर्न पुन्हा वाजला. रीताने खिडकीतून हात बाहेर काढून मुन्नाला थांबायची खूण केली, आणि तीन पेड घेतले.